सक्रिय कोळशाची पूड: करवंटीची घ्यावी, लाकडाची घ्यावी, की घेऊच नये?

पाव किलोची काळी पुडी माझ्या धाकट्या जावेनं ओट्यावर ठेवली. पाकिटावर छापलं होतं की हिनं दात पांढरे होतात, चेहरा उजळतो, पोट हलकं होतं, पाणी शुद्ध होतं आणि फ्रिजचा वास जातो. ती म्हणाली, "ताई, तुम्ही इतकी वर्षं पाणी तपासलंत. ही खरी आहे का? आणखी एक मागवू?" मी विचारलं, "पकडायचं काय आहे तुला?" तिला प्रश्न कळला नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. विकणारे हा प्रश्न कधी विचारतच नाहीत.

कोकणात आम्ही बंबाखाली करवंट्या जाळतो, त्यातूनही कोळसाच उरतो. सक्रिय कोळसा त्याच्या पुढची पायरी आहे. करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा आधी हवा न देता जाळतात. मग 800 ते 1000 अंश सेल्सियसला त्यावरून वाफ सोडतात. ती वाफ कोळशाला आतून कुरतडत जाते आणि डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पाडते. लाकडाच्या बाबतीत पुष्कळदा वाफेऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरतात. अशा एक ग्रॅम पुडीचं आतलं पृष्ठफळ 500 ते 1500 चौरस मीटर भरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर चमचाभरही नसलेल्या पुडीत पाच ते पंधरा गुंठे! या पृष्ठभागाला पदार्थाचे रेणू येऊन चिकटतात. स्पंज पाणी शोषून घेतो तसं हे नाही, म्हणून याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात.

जावेला पटावं म्हणून दोन बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत पेलाभर पाणी आणि निळ्या शाईचे दोन थेंब. एकीत इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळसा खलबत्त्यात कुटून चमचाभर, दुसरीत तिच्या पुडीतली चमचाभर. दहा मिनिटं हलवलं आणि कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळलं. पहिल्या पेल्यात निळा रंग जरा फिकट होऊन तसाच राहिला. दुसऱ्या पेल्यातून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. तेव्हा पुडी खरी होती, एवढं ठरलं. विकत घेतलेल्या कुठल्याही पुडीची ही परीक्षा घरी करून पाहा, कारण नुसता कुटलेला कोळसा "चारकोल पावडर" म्हणून सर्रास विकला जातो. काळेपणावरून काहीच कळत नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच.

करवंटी की लाकूड

खरी निवड इथे आहे. करवंटीच्या कोळशाची भोकं फार बारीक असतात, बहुतेक दोन नॅनोमीटरच्या आतली. त्यात लहान रेणू छान अडकतात: पाण्यातली दुर्गंधी, क्लोरीनमुळे तयार होणारी उपउत्पादनं, हवेतल्या रसायनांच्या वाफा. लाकडाच्या कोळशात मोठी भोकं जास्त असतात, त्यामुळे रंगाचे थोराड रेणू त्यात शिरू शकतात. शाई झाल्यावर मी गुळाच्या पाण्यावरही दोन्ही लावून पाहिले. घरात लाकडाची थोडी पूड होतीच. जावेच्या करवंटीच्या पुडीतून पाणी कोऱ्या चहासारखं उतरलं आणि लाकडाच्या पुडीतून त्याहून बरंच फिकट. साखर, रस, औषधं यांचा रंग काढण्यासाठी कारखाने लाकडाची पूड का पसंत करतात, ते या दोन पेल्यांत दिसतं.

म्हणून विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागा आणि त्यातले दोन आकडे बघा. आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे एक ग्रॅम पूड किती आयोडीन धरते ते, बारीक भोकांची कल्पना देते. करवंटीच्या चांगल्या मालात ती ग्रॅममागे 1000 मिलिग्रॅमच्या आसपास असते. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची व्हॅल्यू त्याहून मोठ्या भोकांबद्दल सांगते. वास घालवायचा असेल तर पहिला आकडा महत्त्वाचा, रंग काढायचा असेल तर दुसरा. राखेचं प्रमाणही विचारा. करवंटीत ते कमी असतं, दगडी कोळशात बरंच जास्त. दगडी कोळशाचा माल मोठ्या जलशुद्धीकरणासाठी ठीक आहे, घरात आणायचं कारण नाही.

पाण्यासाठी: पूड, दाणे की ब्लॉक

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी 19 वर्षं याच कामात गेली आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जाताना पाहिले.

पूड भराभर काम करते, कारण तिचे कण बारीक असतात आणि रेणूंना आत शिरायला लांब जावं लागत नाही. धरणात शेवाळ माजून पाण्याला मातकट वास येतो, तेव्हा शुद्धीकरण केंद्रात तीच टाकतात. मग ती तुरटीच्या गाळाबरोबर खाली बसते आणि वाळूच्या थरात अडकते. घरी ना तुरटीची टाकी आहे, ना वाळूचा थर. माठात पूड ढवळून कपड्यानं गाळलं तर काळे कण घशात जातात आणि पूड एकदा वापरून फेकावी लागते. घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी सुटी पूड घेऊ नका. याबाबत माझ्या मनात काही शंका नाही.

दाण्यांचा फिल्टर स्वस्त असतो आणि पाणी पटकन सोडतो. पण पाणी दाण्यांमधून आपली वाट शोधतं, एकदा पाट पडला की तिथूनच वाहत राहतं आणि बाकीचा कोळसा नुसता बसून राहतो. पूड घट्ट दाबून केलेल्या ब्लॉकमध्ये तसं होत नाही. पाणी हळू उतरतं, पण सगळ्या कोळशाला भेटून उतरतं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा किंवा मातकट वास असेल तर मी करवंटीचा ब्लॉक घ्या म्हणेन. आरओ यंत्रात पडद्याआधी कोळशाचा टप्पा असतो, कारण क्लोरीन त्या पडद्याला खातं. त्यामुळे आरओ असेल तर वेगळा कोळसा घ्यायची गरज नाही.

आता तो काय करत नाही ते नीट वाचा. पाण्यातले क्षार त्याला चिकटत नाहीत, म्हणजे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) आणि जडपणा आहे तसाच राहतो. नायट्रेट जात नाही. फ्लोराइडही या कोळशानं विश्वासानं जात नाही, आणि चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत विंधन विहिरींचा प्रश्न फ्लोराइडचाच आहे. भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. तिथे तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत लागते, जी आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केली. जंतूही कोळशानं मरत नाहीत. उलट क्लोरीन निघून गेल्यामुळे जुन्या कोळशात ते सुखानं वाढतात. म्हणून कोळशातून गाळलेलं पाणी साठवून ठेवू नका. पाण्याची खात्री नसेल तर गाळून झाल्यावर उकळा. कार्ट्रिज बदलायची तारीख आली की चव चांगली लागत असली तरी ते बदला.

दात आणि चेहरा

आपल्याकडे राखुंडीनं दात घासायचे, त्यामुळे काळी पूड आपल्याला परकी वाटत नाही. पण चहाचे वरवरचे डाग ती घासून काढते, दाताचा मूळ रंग बदलत नाही, आणि घासून गेलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, परत येत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात 2017 मध्ये आलेल्या आढाव्यात अशा उत्पादनांची सुरक्षितता किंवा उपयोग सिद्ध करायला पुरेसा पुरावा मिळाला नव्हता. साधी फ्लोराइड टूथपेस्ट याहून सरस आहे. मिश्रीही काळी असते, पण ती भाजलेली तंबाखू. दोन्हींत गल्लत करू नका.

चेहऱ्यासाठी मुलतानी मातीपेक्षा ही चांगली, असं म्हणायला मला काही आधार सापडलेला नाही.

पोटात घेण्यासाठी

जेवणानंतर फार वायू होत असेल तर जेवणाआधी निदान अर्धा तास एक ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच एक ग्रॅम, या मात्रेसाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2011 मध्ये दावा मान्य केला. पण त्यासाठी औषधी दर्जाची गोळी किंवा कॅप्सूल घ्या. फ्रिजसाठी आणलेली पूड पोटात घ्यायची नाही. आणि कोळसा औषध आणि विष यांत भेद करत नाही. हृदयाचं डिगॉक्सिन, फिटचं कार्बामाझेपिन, पॅरासिटामॉल, गर्भनिरोधक गोळी, जे सापडेल ते तो धरून ठेवतो. रोजची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

विषबाधेबद्दल मला अगदी मनापासून सांगायचंय. रुग्णालयात याचा खरा उपयोग होतो. मोठ्या माणसाला 50 ते 100 ग्रॅम देतात, शक्यतो पहिल्या तासाभरात. 250 मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा हिशोब केला तर 50 ग्रॅमला 200 गोळ्या होतात, म्हणजे घरातल्या पाकिटानं काही होणार नाही. रॉकेल, आम्ल, दारू, लोहाच्या गोळ्या यांवर तो चालत नाही. गुंगीतल्या माणसाला पाजला तर तो फुप्फुसात जाऊ शकतो. 2017 मध्ये यवतमाळमध्ये कीटकनाशक फवारताना शेतकऱ्यांचे जीव गेले. असं विष कातडीतून आणि श्वासातून शिरतं, तिथे पोटातला कोळसा काय करणार? कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि 108 ला फोन करा. घरी कोळसा कालवत वेळ घालवू नका.

वासासाठी

इथे मात्र ती पूड पैसे वसूल करते. सुती कापडाची पुरचुंडी बांधून फ्रिजच्या कोपऱ्यात किंवा चपलांच्या कपाटात ठेवा. उन्हात वाळवली की पुन्हा नव्यासारखी होते, हे मात्र खरं नाही. उन्हानं ओल आणि थोडे हलके वास जातात. खरं पुनरुज्जीवन भट्टीतल्या तापमानाला होतं. उरलेली पूड हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर ती डब्यातच आजूबाजूचे वास धरून भरून जाते.

जावेनं दुसरी पुडी मागवली नाही. पहिलीची पुरचुंडी चपलांच्या कपाटात गेली. तिच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी मी तपासायला पाठवलं. वास अजिबात नव्हता, टीडीएस मात्र लिटरला 900 मिलिग्रॅम निघाला. आता ती आरओची चौकशी करते आहे.