मोठी क्रूझर आणि उजवी मांडी: वापरानंतरचा अनुभव

ताकद, वजन, ॲव्हरेज यांवर सगळ्यांनी लिहून झालंय. १८०० सीसीच्या वरची एअर-कूल्ड व्ही-ट्विन, म्हणजे वाऱ्यावर थंड होणाऱ्या, 'V' आकारात मांडलेल्या दोन सिलिंडरची मोटरसायकल, घ्यायला निघालेल्याला ते आकडे पाठच असतात. मी फक्त उजव्या मांडीबद्दल लिहिणार आहे.

कालच सर्व्हिस सेंटरवाल्यांशी वाजलं. मार्चपासून तक्रार एकच: स्वारगेट ते कात्रज रेंगाळत गेलं की सीटखालून नुसती धग येते. त्यांचं उत्तरही ठरलेलं, "सर, मोठी गाडी आहे, तापणारच." वर महागडं ऑइल आणि एक्झॉस्टला गुंडाळायची पट्टी यांचं कोटेशन हातात. ऑइलची ग्रेड तीच, २०डब्ल्यू-५०; त्याने मांडीला काय फरक पडणार? आणि पट्टीत पावसाचं पाणी मुरून पाइप गंजला की तो पाइपही हेच विकणार.

मुळात दोन सिलिंडर एकामागे एक. वारा पुढच्याला, मागच्याला उरलासुरला. त्याचा पाइप उजव्या मांडीजवळून खाली जातो, शिवाय धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शेकडो अंश तापल्याशिवाय कामच करत नाही. हायवेला लागलं की काही जाणवत नाही. वारा थांबला की भोग सुरू.

शोरूममध्ये एक फीचर फार रंगवून सांगतात: इंजिन तापलं की उभ्या गाडीत मागचा सिलिंडर आपोआप बंद होतो. होतो खरा. आवाज बदलतो, गाडी लंगडल्यासारखी थडथडते, धगही जरा ओसरते. पण थ्रॉटल दिला की तो पुन्हा चालू. पुण्याचं ट्रॅफिक कुठे धड उभं राहतं? ते सरपटतं. म्हणजे ज्याचे पैसे मोजले ते फीचर नेमकं गर्दीत गायब.

उपयोग झाला तो स्वस्तातल्या गोष्टींचा. नाना पेठेतून ॲल्युमिनियमचा थर असलेली हीट मॅट आणून सीटच्या तळाला लावली. सिग्नलचा आकडा मोठा दिसला की इंजिन बंद. छोट्या सिग्नलला नाही, कारण एवढ्या इंजिनाचा स्टार्टर बॅटरी पिऊन टाकतो. आणि जाड सुती जीन्स. जाळीची रायडिंग पँट गरम वाराही तितक्याच प्रेमाने आत घेते.

इथपर्यंत मे महिन्यात लिहून ठेवलं होतं. मग पाऊस लागला. ताम्हिणीत बुटात पाणी, बोटं बधिर, दात वाजतायत आणि मांडी मात्र मस्त शेकली जातेय. त्या दिवशी या इंजिनाला एक शिवी घातली नाही. फक्त स्वस्तातल्या रेनपँटचा काठ पाइपला टेकला आणि वितळून चिकटला. क्रोमवरचा तो काळा डाग अजून खरवडतोय. पँट मोज्यात खोचा, नाहीतर वरून घोट्याशी पट्टा लावा.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा जैसे थे. आता टाकीखाली लावायच्या डिफ्लेक्टरचा विचार चाललाय. गरम हवा बाहेर वळवणारे दोन प्लास्टिकचे पडदे, पण किंमत ऐकून तापलो ते वेगळंच. कुणाचा जुना सेट मिळाला तरच घेईन.

मागे बसणाऱ्याचे हाल निराळे. साताऱ्याला जायचं तर बायको म्हणते, "तू हो पुढे, मी खेड शिवापूरपर्यंत एसटीने येते."