निक्सी घड्याळासाठी एमपीएसए४२ घेताय? सोल्डर करण्याआधी व्होल्टेज लावून बघा

निक्सी म्हणजे काचेची नळी, जिच्यात आकड्यांच्या आकाराच्या तारा वायूत चमकतात. तिचा एकेक आकडा चालू-बंद करायला मी एमपीएसए४२ हा ट्रान्झिस्टर वापरतो. पण एमपीएसए४२ म्हणून मला विकलेले ट्रान्झिस्टर दुसरेच निघाले. छाप बरोबर, पायही बरोबर; आत मात्र कुठला तरी कमी व्होल्टेजचा एनपीएन (ट्रान्झिस्टरच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एक; दुसरा पीएनपी).

घड्याळ चालू केल्यावर एक आकडा नीट पेटायचा आणि त्याच्या मागे आणखी दोन-तीन आकडे अंधूक दिसायचे. प्रोग्राम, सोल्डरिंग, नळी, सगळं तपासलं, दोष कुठेच नव्हता. निक्सी पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात. जो आकडा बंद ठेवायचा, त्याच्या ट्रान्झिस्टरने कलेक्टरवर (तीन पायांपैकी एक; बाकीचे बेस आणि एमिटर) येणारा ताण सोसून प्रवाह अडवायला हवा. अस्सल एमपीएसए४२ ला ३०० व्होल्टची मर्यादा आहे, म्हणून तर आपण तो निवडतो. माझ्याकडचे पन्नाशीच्या आतच गळत होते.

खिशातला कंपोनंट टेस्टर इथे उपयोगाचा नाही. तो काही व्होल्टवर चालतो. एनपीएन आहे, पाय कुठले, गेन (प्रवाह किती पट वाढतो) किती, एवढंच सांगतो. पण तो गेनच मला खटकला: तीनशेच्या वर! उच्च व्होल्टेजच्या ट्रान्झिस्टरचा गेन सहसा इतका नसतो. डेटाशीट १० मिलिअँपिअरला किमान ४० ची हमी देते.

खरी परीक्षा अशी घ्या. बेस आणि एमिटर जोडून ग्राउंडला लावा. घड्याळाच्याच १८० व्होल्ट सप्लायमधून १ मेगाओहम रेझिस्टरमार्गे कलेक्टरला व्होल्टेज द्या आणि कलेक्टर-एमिटरमध्ये मोजा. मीटरचा आतला रोध १० मेगाओहम असेल तर चांगला ट्रान्झिस्टर १६४ च्या आसपास दाखवेल, कारण थोडं व्होल्टेज मीटरच खातो. आकडा ४५-५० वर अडकला तर माल खोटा. प्रवाह इतका कमी असतो की तपासताना ट्रान्झिस्टर जळत नाही. ॲनोडकडे (नळीच्या धन टोकाकडे) एमपीएसए९२ वापरत असाल तर तो पीएनपी आहे, ध्रुव उलटे करून हेच करा. सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. तो उतरल्याची मीटरने खात्री होईपर्यंत हात लावू नका.

विक्रेत्याचं म्हणणं, टेस्टरवर एनपीएन दिसतो ना, मग माल बरोबर आहे. मीटरचे फोटो पाठवल्यावर त्याने उत्तरं देणंच थांबवलं, आणि तोवर तक्रारीची मुदत उलटून गेली होती. म्हणून पाकीट आल्या दिवशीच त्यातले चार-पाच नग असे तपासा, आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो तक्रारीसोबत पहिल्याच निरोपात जोडा.