पीएनआर होता, तिकीट नव्हतं

काउंटरवरची मुलगी आमच्या लेकीच्याच वयाची असेल. तिने दोघांचे पासपोर्ट घेतले, व्हिसा पाहिला, संगणकावर काहीतरी टाइप केलं आणि थांबली. पुन्हा टाइप केलं. मग शेजारच्या सहकाऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून पडद्याकडे पाहिलं आणि तिने हळू आवाजात विचारलं, "काका, तिकीट कुणी काढून दिलं तुम्हाला?" तिच्या सुरावरूनच माझ्या पोटात खड्डा पडला.

तारीख २१ मार्च २०२५. ठिकाण मुंबईच्या विमानतळाचं टर्मिनल २. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा निवृत्त शिक्षक. लेक न्यू जर्सीत असते. तिची पहिली खेप, आणि डॉक्टरांनी ३१ मार्चच्या आसपासची तारीख दिलेली. तिच्या सासूबाई आजारी, त्यामुळे बाळंतपणाला आम्हीच जायचं ठरलं होतं. चार बॅगा होत्या, प्रत्येकी बरोबर २३ किलोच्या, घरच्या वजनकाट्यावर तीनतीनदा तोललेल्या. त्यांत आळीव, बाळंतशोप, सुंठ, डिंकाचे लाडू, आणि हिच्या आईच्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी. हिने सहा महिने एकेक वस्तू जमवली होती.

ज्याने तिकिटं काढून दिली तो गावातलाच. एसटी स्टँडसमोर त्याचं ऑफिस. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची काशीयात्रा त्यानेच केली, अंदमानची सहल त्यानेच केली, आणि एकाही वेळी चूक झाली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर अनेकांनी मला विचारलं, "अनोळखी माणसाला एवढे पैसे दिलेच कसे?" तो अनोळखी नव्हता. मला रस्त्यात दिसला की गाडी थांबवून "सर, नमस्कार" म्हणायचा. दरही फार कमी सांगितला नव्हता. जाऊन-येऊन एका माणसाचे १ लाख १८ हजार, दोघांचे २ लाख ३६ हजार. कंपनीच्या वेबसाइटवर त्या वेळी साधारण सात-आठ हजार जास्त दिसत होते. भाव निम्म्यावर असता तर मला संशय आला असता.

पैसे देताना मात्र एक गोष्ट खटकायला हवी होती. तो म्हणाला, "सर, फर्मच्या खात्यावर घेतले तर जीएसटीचा भुर्दंड उगाच तुमच्यावर. मिसेसच्या खात्यावर टाका." मी बँकेत जाऊन आरटीजीएस केलं, त्याच्या बायकोच्या बचत खात्यावर. पक्कं बिल मागितलं नाही. हजार-दोन हजार वाचतात एवढंच डोक्यात होतं. पुढे तक्रार लिहायला बसलो तेव्हा कळलं की तिकिटासाठी त्याच्या फर्मला पैसे दिल्याचा एकही कागद माझ्याकडे नाही. बँकेच्या उताऱ्यावर एका बाईचं नाव आहे, जिचा विमानाच्या तिकिटाशी कागदोपत्री काही संबंध नाही.

९ जानेवारीला तिकिटाची प्रिंट हातात आली. आम्ही काही आंधळेपणाने विश्वास ठेवला नव्हता. जावयांनी तिकडून विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून पाहिलं. दोघांची नावं, तारीख, मध्ये विमान बदलायचं ते ठिकाण, पुढे नेवार्क, सगळं बरोबर. "बाबा, तिकीट एकदम ओके आहे," असा लेकीचा फोन आला. त्या दिवशी ते खरोखरच ओके होतं. याच जागी आम्ही फसलो.

काउंटरवरच्या मुलीने मला पडदा वळवून दाखवला तेव्हा सगळा प्रकार उलगडला. त्याने तिकिटं खरीच काढली होती, पण परतावा मिळणाऱ्या प्रकारची. आमच्या हातात प्रिंट दिली, आम्ही तपासून निर्धास्त झालो, आणि ३ फेब्रुवारीला त्याने ती रद्द केली. परतावा नियमाप्रमाणे ज्या खात्यातून तिकिटाचे पैसे भरले होते त्याच खात्यात गेला, म्हणजे त्याच्याच. तिकीट रद्द झालं की कंपनी मेसेज आणि मेल पाठवते. तो तिने पाठवलाही होता. पण बुकिंग करताना प्रवाशाचा मोबाइल आणि ईमेल म्हणून त्याने स्वतःचा नंबर आणि स्वतःचा पत्ता टाकला होता. आमच्यापर्यंत काहीच आलं नाही. तो सहा अक्षरांचा पीएनआर टाकला की तिच्या पडद्यावर आमची नावं अजून दिसत होती, खाली प्रवास मात्र उरला नव्हता.

मला आजही सगळ्यात जास्त लागतं ते आदल्या दिवशीचं. २० तारखेला मी वेब चेक-इन करायला बसलो. होईना. मी लगेच त्याला फोन लावला. त्याने उचलला, अगदी नेहमीच्या मायेने बोलला. "सर, अमेरिकेच्या फ्लाइटला ते होत नाही. व्हिसा बघूनच बोर्डिंग पास देतात, काउंटरवर. तुम्ही चार तास आधी पोचा, काळजी करू नका." यातलं अर्धं खरं आहे. व्हिसा-पासपोर्ट काउंटरवर तपासतातच, आणि काही वेळा बोर्डिंग पासही तिथेच मिळतो. त्या अर्ध्या सत्यामुळे मी गप्प बसलो. तेव्हाच विमान कंपनीला फोन केला असता तर निदान घरी बसून कळलं असतं, आणि हिला त्या गर्दीत ट्रॉलीला टेकून रडावं लागलं नसतं.

मी फोन लावत राहिलो. बंद. त्याच्या ऑफिसचा बंद, बायकोचा बंद. गावात चुलत भावाला स्टँडवर पाठवलं. ऑफिसला कुलूप होतं आणि बाहेर आधीच दोन माणसं उभी होती. एकाचा मुलगा दुबईला जायचा होता.

आत गेलो तसं बाहेर येणंही सोपं नसतं. प्रवेशद्वारावर सीआयएसएफच्या जवानाने प्रिंट आणि पासपोर्ट पाहून आम्हाला सोडलं होतं. पण प्रवास न करता टर्मिनलमधून बाहेर पडायचं तर विमान कंपनीचा माणूस सोबत लागतो आणि गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ, कारण लिहावं लागतं. कारणाच्या रकान्यात त्या मुलाने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. चार बॅगांची ट्रॉली ढकलत, आत येणाऱ्यांच्या रांगेच्या उलट दिशेने आम्ही बाहेर आलो. ३७ वर्षं वर्गात ताठ मानेने उभा राहिलेला माणूस मी. त्या पन्नास पावलांत मान वर करता आली नाही.

रात्र अंधेरीला भाच्याकडे काढली. लेकीला सांगायचं की नाही यावर आमचं दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी जावयांना सांगितलं. दोघांची नवी तिकिटं त्या वेळी घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. ठरलं की हिने एकटीने जायचं. ही कधी पुण्याच्या पुढे एकटी गेलेली नाही, इंग्रजी वाचता येतं पण बोलायला बिचकते. विमान कंपनीच्याच वेबसाइटवरून २४ तारखेचं तिकीट घेतलं, १ लाख ४२ हजार. बुकिंग करतानाच तिच्यासाठी व्हीलचेअर मागितली. गुडघे दुखतातच तिचे, आणि विमान बदलायच्या ठिकाणी व्हीलचेअरवाला माणूस थेट पुढच्या गेटपर्यंत नेऊन सोडतो. त्याचे जादा पैसे पडले नाहीत. ज्यांचे आईवडील पहिल्यांदा परदेशी निघालेत त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

दुसऱ्या फसवणुकीपासून आम्ही थोडक्यात वाचलो. जावयांनी रागाच्या भरात सगळा प्रकार समाजमाध्यमावर लिहिला, विमान कंपनीचं नाव जोडून, खाली माझा मोबाइल नंबर देऊन. दहा मिनिटांत कंपनीचंच बोधचिन्ह लावलेल्या एका खात्यावरून उत्तर आलं आणि पाठोपाठ मला फोन. माणूस हिंदीत फार अदबीने बोलत होता. "सर, आपका रिफंड हमारे पास पेंडिंग है," म्हणाला. व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली, ती मोबाइलवर घ्या म्हणाला, म्हणजे फॉर्म भरता येईल. मी दाबणारच होतो. भाच्याने फोन हातातून काढून घेतला. ते एपीके होतं. असं ॲप एकदा मोबाइलमध्ये शिरलं आणि विचारेल ती परवानगी दिली, की आपल्याला येणारे ओटीपीचे मेसेज त्या माणसाला वाचता येतात. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी माझी अवस्था होती, आणि अशाच लोकांना शोधत हे टपून बसलेले असतात. तक्रार जरूर लिहा, पण तिच्यात स्वतःचा नंबर किंवा पीएनआर कधीही टाकू नका. कंपनीचा नंबर तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. इंटरनेटवर शोधल्यावर वर येणारे नंबर अनेकदा भामट्यांचे असतात.

१९३० वर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवली. तिथे काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येतात. माझे जाऊन अडीच महिने झाले होते, खातं रिकामं होतं. पोलिसांत आधी "हा व्यवहाराचा वाद, दिवाणी कोर्टात जा" असं ऐकावं लागलं. मग आम्ही फसलेली अकरा कुटुंबं एकत्र गेलो, प्रत्येकाची प्रिंट आणि बँकेचा उतारा जोडून. सगळ्यांची कहाणी तीच: खरं तिकीट, मग गुपचूप रद्द. अकरा सारखे कागद टेबलावर पडल्यावर तो वाद राहिला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१६ खाली, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघात, गुन्हा नोंदला गेला. आदल्या रात्री त्याने मला ५० हजार परत पाठवले होते, "सर, बाकीचे देतो, नाव देऊ नका" असा निरोप लावून. मी नाव दिलं. बाकीचे पैसे आलेले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, घटनेपासून २ वर्षांच्या आत जावं लागतं, आणि वकील न देताही उभं राहता येतं. मी स्वतःच उभा राहतो.

आता त्या मुलीने काउंटरवर मला जे समजावलं ते. मागे लोक खोळंबलेले असताना तिने दहा मिनिटं दिली, तिचं नावही मला विचारायचं सुचलं नाही. पीएनआर म्हणजे फक्त नोंद. तिकीट म्हणजे तेरा आकडी क्रमांक, त्यातले पहिले तीन अंक विमान कंपनीचे. एअर इंडियाचा ०९८, एमिरेट्सचा १७६, असे. नोंद असते आणि तिकीट निघालेलंच नसतं, असंही होतं. दुसरं म्हणजे, एजंटाच्या प्रिंटवरचा सहा अक्षरी क्रमांक कधीकधी त्याच्या बुकिंग प्रणालीचा असतो. कंपनीचा पीएनआर वेगळा असतो, तो मागून घ्यावा लागतो. तिसरं, बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल आपलाच हवा. आणि एकदा तपासून भागत नाही. आमचं तिकीट जानेवारीत खरं होतं, फेब्रुवारीत नव्हतं. निघेपर्यंत दर आठवड्याला वेबसाइटवर उघडून पाहा, आणि आठवडाभर आधी कंपनीला फोन करून एकच प्रश्न विचारा: या क्रमांकाचं तिकीट आज चालू आहे का?

नात २९ मार्चला झाली, दोन दिवस आधीच. ही वेळेवर पोचली होती. मी व्हिडिओ कॉलवर पाहिली, आजीच्या आईच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेली. मला जायला जून उजाडला.

गेल्या महिन्यात आमच्या आळीतले एक काका-काकू आले. मुलगा मेलबर्नला असतो, दिवाळीला जायचंय. प्रिंट माझ्यापुढे ठेवली. वरचा क्रमांक विमान कंपनीच्या वेबसाइटवर उघडेना, आणि खाली मोबाइल नंबर एजंटाचा. काकूंचा चेहरा उतरला. मी कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर घेतला, फोन स्पीकरवर ठेवला, जवळजवळ अर्धा तास आम्ही तिघं ती धून ऐकत बसलो. तिकीट खरं निघालं. प्रिंटवरचा क्रमांक एजंटाच्या प्रणालीचा होता एवढंच. कंपनीचा पीएनआर लिहून घेतला, मोबाइल नंबर बदलून काकांचा टाकायला लावला. जाताना काकूंनी ते तेरा अंक माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतले आणि म्हणाल्या, "दर सोमवारी येते हो सर, तुम्ही उघडून दाखवा."