शेपटीच्या टोकाची जखम आणि संरक्षक कव्हर: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडे औशाजवळच्या गावात हरण्या नावाचा कारवानी जातीचा कुत्रा आहे. वय चार वर्षे, रंग हरणासारखा, अंगाने सडपातळ आणि शेपूट चाबकासारखे लांब, निमुळते व जवळजवळ केस नसलेले. याच कुळातील पश्मी कुत्र्यांच्या शेपटीला केसांची झालर असते आणि तिचा थोडा तरी आधार मिळतो. कारवानीच्या शेपटीच्या टोकाशी मात्र पातळ कातडी आणि तिच्या लगेच खाली हाड एवढेच असते. ही गोष्ट मला गेल्या दिवाळीपर्यंत कधी लक्षात घ्यावी लागली नव्हती.

भाऊबिजेला लेक नातवाला घेऊन परभणीहून आली. आमचे घर जुने, माळवदाचे. दारातून आत आले की ढेळज आणि ढेळजेतून अंगणात जाणारी जेमतेम तीन फूट रुंदीची बोळ, दोन्ही बाजूंना दगडी भिंती. हरण्या लेकीला पाहून त्या बोळीतच उभा राहिला आणि सगळे अंग वळवत शेपूट हलवू लागला. शेपूट भिंतीवर आपटल्याचा फट् फट् असा आवाज येत होता आणि आम्ही सगळे त्याचे कौतुक करत होतो. थोड्या वेळाने लेक म्हणाली, "अण्णा, भिंतीला हे काय लागलंय?" दिवाळीसाठी नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला रक्ताच्या बारीक थेंबांच्या तिरप्या रेषा उमटल्या होत्या. नातवाच्या सदऱ्यावरही थेंब होते, म्हणून आधी आम्ही त्यालाच तपासले. हरण्याच्या शेपटीचे टोक गव्हाच्या दाण्याएवढे फुटले होते आणि तरीही तो शेपूट हलवतच होता.

एवढीशी जखम, चार दिवसांत भरेल, असे समजून हळद लावून वर कापडाची चिंधी बांधली, ही माझी पहिली चूक. चिंधी तासाभरात उडून जाई, हळद तो चाटून टाकी आणि जखमेवर खपली धरली की पुढच्या पाहुण्याच्या स्वागतात ती निघे. पंधरा दिवसांत जखम रुपयाएवढी झाली. तेव्हा लातूरला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सांगितले की आनंदाच्या भरात शेपूट आपटून होणारी ही इजा आखूड केसांच्या आणि जोरकस शेपटीच्या कुत्र्यांत, म्हणजे लॅब्रॅडॉर, ग्रेट डेन, ग्रेहाउंड यांसारख्या जातींत, नेहमी पाहायला मिळते. टोकाकडे मांस नाही, रक्तपुरवठा कमी आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा मार बसतो, म्हणून ती लहान असूनही चिवट असते. दुर्लक्ष झाले तर संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो आणि मग शेपटीचा काही भाग काढण्यावाचून इलाज उरत नाही.

गावात "कापून टाका शेपूट, कटकट मिटेल" असा सल्ला देणारे बरेच भेटले. मला तो पटला नाही. धावताना एकदम वळण घेणारे हे जनावर शेपटीवरच तोल सांभाळते, आणि इतर कुत्र्यांशी त्याचे निम्मे बोलणे शेपटीनेच चालते. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले होते की कुत्रा आपल्या धन्याला पाहतो तेव्हा त्याची शेपूट उजवीकडे अधिक झुकते आणि दरारा वाटेल असे अनोळखी कुत्रे समोर आले की डावीकडे. इतके सांगणारा अवयव केवळ आमच्या बोळीच्या भिंती जवळजवळ आहेत म्हणून कापायचा, हे मनाला मान्य होईना. डॉक्टरांनीही तो शेवटचा उपाय ठेवावा असेच म्हटले. तशी वेळ आलीच तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवू, असे आम्ही घरात ठरवून ठेवले होते.

औषधे, मलम आणि ड्रेसिंग सुरू झाले. ड्रेसिंगची एक युक्ती डॉक्टरांनी शिकवली, ती सर्वांना उपयोगी पडेल. शेपूट टोकाकडे निमुळते होत जाते, त्यामुळे नुसती गोल गुंडाळलेली पट्टी झटक्यासरशी निसटते. आधी चिकटपट्टीच्या दोन फिती शेपटीच्या लांबीच्या दिशेने, एक वरून व एक खालून, टोकाच्या पुढे थोड्या मोकळ्या सोडून लावायच्या. त्यावर हलके ड्रेसिंग करायचे आणि मग मोकळी टोके मागे दुमडून वरून सैल वेढे घ्यायचे. सैल हा शब्द महत्त्वाचा आहे. घट्ट पट्टीने रक्त अडले तर टोक काळे पडून कातडी मरते. दर दोन दिवसांनी पट्टी उघडायची, टोक गार लागते का, सुजले आहे का, वास येतो का, हे पाहायचे. पट्टी जाड करून उपयोग होत नाही हेही आम्ही अनुभवाने शिकलो. शेपटीच्या टोकाला वजन आले की ती अधिक जोराने आपटते.

चाटू नये म्हणून गळ्याभोवती प्लॅस्टिकचा शंकू घातला, तो आमच्याकडे निरुपयोगी ठरला. या जातीची मान लांब आणि डोके निमुळते; शंकू एकतर डोक्यावरून निघून येई, नाहीतर त्याला चुकवून तोंड शेपटीपर्यंत पोहोचे. मग एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी आणली, तिला वाऱ्यासाठी भोके पाडली आणि ड्रेसिंगवर चढवली. मार बसला तरी टोक सुरक्षित राहू लागले, पण नळी धरून ठेवायला वरच्या केसांवर चिकटपट्टी लावावी लागे आणि ती काढताना हरण्या कळवळे. डिसेंबरच्या अखेरीस अखेर तयार कव्हर ऑनलाइन मागवले. त्याचाच हा अनुभव आहे.

हे कव्हर म्हणजे जाळीदार कापडाची लांब पिशवी आहे. टोकाकडच्या भागात फोमचे अस्तर, बाजूने वेल्क्रो आणि मुळाशी दोन पट्टे, जे पाठीवरून पुढे आणून छातीच्या पट्ट्याला अडकवायचे. किंमत सुमारे १,४०० रुपये पडली. मागवताना शेपटीची लांबी आणि मुळाशी घेर, अशी दोन्ही मापे घ्यावीत. मी फक्त लांबी मोजली, त्यामुळे पहिले आलेले कव्हर ढगळ झाले आणि बदलून घ्यावे लागले. पट्टे छातीशी अडकत असल्यामुळे केसांवर काही चिकटवावे लागत नाही, हा याचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो.

पहिल्या दिवशी कव्हर घातल्यावर हरण्या जागेवर थिजल्यासारखा उभा राहिला. शेपूट पायांत घेतले आणि मी हाक मारली तरी ते हलले नाही. त्याचा मला फार त्रास झाला. कव्हर काढून फेकून द्यावे असे वाटले. पत्नीने दर वेळी घालताना त्याला भाकरीचा तुकडा द्यायला सुरुवात केली, आधी पाच मिनिटे, मग अर्धा तास. चौथ्या दिवशी मी शेतातून आलो तेव्हा बोळीतून फट् फट् ऐवजी धप धप असा मऊ आवाज आला. तो ऐकून मी ढेळजेतच बसलो आणि त्याला जवळ घेतले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जखम पूर्ण भरली.

पुढची चूकही माझीच. जखम भरली म्हणून मार्चमध्ये कव्हर बंद केले. वरची कातडी नवी, गुलाबी आणि कोवळी होती. अक्षय तृतीयेला घरी पाहुणे जमले आणि लोखंडी दारावर दोन-तीन तडाख्यांत टोक पुन्हा फुटले. डॉक्टर म्हणाले, जखम भरलेली दिसल्यानंतरही कातडी पुरती घट्ट होईपर्यंत काही आठवडे कव्हर चालू ठेवायला हवे होते. पुन्हा सगळे पहिल्यापासून.

उन्हाळ्यात या कव्हरची खरी परीक्षा झाली. पारा ४२ अंशांपर्यंत गेला की जाळी असूनही आत घाम धरल्यासारखा ओलावा राही, म्हणून दुपारी हरण्याला कडुलिंबाखाली मोकळ्या जागी बांधून कव्हर काढून ठेवत असू. तिथे शेपूट आपटायला काही नाही. पावसाळ्यात अडचण वेगळी. ओले कव्हर जखमेवर राहिले तर माश्या बसतात आणि अळ्या पडायला वेळ लागत नाही, त्यामुळे दुसरे कव्हर मागवावे लागले, एक अंगावर आणि एक वाळत. कव्हर अंगावर असेल तेव्हा रोज सकाळी ते उघडून पाहिल्याशिवाय दिवस सुरू करायचा नाही, हा नियम आम्ही आजही पाळतो.

दोष सांगितलेच पाहिजेत. वेल्क्रोत केस आणि माळावरची कुसळे अडकतात; सुईने ती काढत बसावे लागते आणि तरीही चौथ्या महिन्यात पकड सैल झाली. गावातल्या शिंप्याकडून नवे वेल्क्रो ८० रुपयांत बसवून घेतले, ते मूळच्यापेक्षा चांगले निघाले. मुळाशी असलेल्या जाड शिवणीने कातडी घासली जात होती, तिथे सुती कापडाची गोट लावली. कव्हर अगदी मुळापर्यंत येत असल्याने शौचाच्या वेळी खराब होते. चार बोटे अंतर सोडून घातले तर हा त्रास वाचतो. दात लागले तर जाळी टिकत नाही, म्हणून कुरतडणाऱ्या कुत्र्यावर सुरुवातीला लक्ष ठेवावे.

तरीही अक्षय तृतीयेनंतर जखम पुन्हा न होण्याचे श्रेय मी एकट्या कव्हरला देणार नाही. मे महिन्यात आम्ही हरण्याची जागा बोळीतून अंगणाच्या मध्यभागी हलवली, बाजेच्या लोखंडी पायांना पोत्याचे कापड गुंडाळले आणि घरात एक गोष्ट ठरवली: कोणीही आले तरी बोळीत त्याला हाक मारायची नाही, अंगणात गेल्यावरच नाव घ्यायचे. कव्हरने मार सोसला, पण मार कमी झाला तो या बदलांनी. आणि कुत्रा कळवळतो म्हणून घरातल्या माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या त्याला कोणी देऊ नयेत. आयब्रुप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

आज टोकावर अर्ध्या इंचाएवढ्या भागात केस आलेले नाहीत, कातडी मात्र कोरडी व घट्ट आहे. कव्हर आता रोज लागत नाही, ढेळजेतल्या खुंटीवर असते. पंचमीला लेक माहेरी येणार आहे. तिच्या येण्याच्या आदल्या दिवशीच ते धुऊन, वाळवून हरण्याला घालायचे आहे, आणि तिला फोनवर सांगून ठेवले आहे की बोळीतून येताना बोलू नकोस, थेट अंगणात ये.