मूळ करारनामा ‘हरवलाय’ म्हणाला आणि मी ऐकून घेतलं

डिसेंबर 2023 मध्ये मी पुण्यात रीसेलचा टू बीएचके घेतला. व्यवहार 34,50,000 रुपयांचा. मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी 2,41,500, नोंदणी फी 30,000, एजंटाला 34,500, वकिलाला 6,500. एकूण 37,62,500. गावाकडची जमीन विकून आलेले पैसे आणि माझा पीएफ, सगळं यात गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये बँकेने दारावर ताब्याची नोटीस चिकटवली. विकणाऱ्याने 2019 मध्ये हाच फ्लॅट तारण ठेवून कर्ज उचललं होतं. थकबाकी 22,87,416.

बोजा लपवून जागा विकणं नवीन नाही, बातम्या मीही वाचत होतो. म्हणूनच स्वतःचा जास्त संताप येतो.

कळायला हवं होतं ते टोकनच्या दिवशीच. मूळ करारनामा मागितला तर विकणारा म्हणाला, घर बदलताना फाईल हरवली. सोबत दुय्यम निबंधकांकडची प्रमाणित प्रत आणि ऑनलाइन काढलेली गहाळ तक्रारीची पावती. शेअर सर्टिफिकेटचीही झेरॉक्सच. तिच्या मागच्या बाजूला खाली एक पांढरा चौकोन होता, कडा स्वच्छ सरळ, बाकी कागदावर झेरॉक्सची काळपट छटा. मी त्यावरून बोटही फिरवलं. बायको म्हणाली, इथे काहीतरी झाकलंय का हो? मी म्हटलं, मशीन खराब असेल. त्या चौकोनाखाली बँकेचा लिएनचा, म्हणजे तारण हक्काचा, शिक्का होता. 51,000 टोकन मी त्याच टेबलावर दिलं.

मूळ कागद बँकेत जमा करून कर्ज घेतलं की तेच गहाण. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये तसं स्पष्ट आहे, वेगळं गहाणखत लागत नाही. म्हणजे मूळ कागद विकणाऱ्याकडे नाहीत, तर ते कुणाकडे आहेत हाच पहिला प्रश्न. हरवले असतील तर सोसायटीकडून लेखी घ्या की कुठल्याही बँकेचं पत्र रेकॉर्डवर नाही.

मी आंधळेपणाने घेतलं असं मात्र कुणी म्हणू नये. वकिलाने 30 वर्षांच्या नोंदींचा सर्च केला, पेपरात जाहीर नोटीस दिली, एकही हरकत आली नाही. सोसायटीने ना-हरकत दिली. खरेदीखत नोंदवलं, घरपट्टी आणि लाईट बिल माझ्या नावावर झालं. महाराष्ट्रात 2013 पासून असं तारण झालं की 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे त्याची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, दाखल करावी लागते. या तारणाची ती नोटीस दाखल होती, फक्त दुसऱ्या दुय्यम निबंधकाकडे. वकिलाने एकाच ऑफिसचं रेकॉर्ड बघून ‘उपलब्ध नोंदींनुसार निर्वेध’, म्हणजे बोजा नाही, असं लिहिलं. ‘उपलब्ध’ या शब्दावर बोट ठेवून विचारा, कुठल्या ऑफिसांतल्या नोंदी?

कर्ज काढून घेतलं असतं तर बँकेच्या वकिलाने मूळ कागदांशिवाय फाईल पुढे सरकू दिली नसती. कर्ज न काढता घेणाऱ्याच्या बाजूने कुणीच नसतं. आणि सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीवर कुठली मालमत्ता तारण आहे ते कुणालाही दहा रुपये अधिक जीएसटी भरून शोधता येतं. दहा रुपये! मला कुणी सांगितलं नाही, ना वकिलाने ना एजंटाने.

मे महिन्यात विकणाऱ्याच्या नावाने बँकेचं रजिस्टर्ड पाकीट आलं होतं. मी पोस्टमनला सांगितलं, ते आता इथे राहत नाहीत, परत न्या. ती 60 दिवसांची मागणी नोटीस होती. जुन्या मालकाच्या नावाने बँकेचं पाकीट आलं तर त्याच दिवशी त्या शाखेत जा.

आता हेलपाटे ऐका. पोलीस ठाण्यात सहा वेळा गेलो. ‘दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.’ अहो, खरेदीखतात ‘सदर मिळकतीवर कुठलाही बोजा नाही’ असं लिहून सही करून 34 लाख घेतले, ही फसवणूक नाही तर काय आहे? अर्जाची पोच द्यायलाही तीन फेऱ्या. नोंदणी कार्यालयात उत्तर मिळालं, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. मग 2,71,500 कशाचे घेतलेत? बँक म्हणते तुम्ही त्रयस्थ, खात्याची माहिती देता येत नाही, पण घर रिकामं करा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर कपाटातून बँकेचं 2019 चं पत्र काढून दाखवलं. ‘तुम्ही विचारलंच नाहीत.’ ना-हरकतीवर सही त्यांचीच.

दिवाणी कोर्टात या कारवाईला स्थगिती मिळत नाही, बँकांना तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याचं कलम 34 आडवं येतं. डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, 45 दिवसांत अर्ज करावा लागतो. पंधरा दिवस मी पोलिसांच्या दारात घालवले, तुम्ही घालवू नका. वकिलाची फी 75,000. तिथे बँकेच्या वकिलाने मांडलं की मूळ कागद नसताना चौकशी न करणाऱ्याला बोजा माहीत होता असंच कायदा धरतो. माझ्या वकिलाकडे त्यावर ठोस उत्तर नव्हतं.

विकणाऱ्याचा फोन बंद आहे. एजंट मात्र गेल्या रविवारी आमच्याच बिल्डिंगमध्ये एका जोडप्याला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवत होता. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि विचारलं, मूळ करारनामा पाहिलात? ते म्हणाले, मालकाच्या लॉकरमध्ये आहे म्हणे. मी म्हटलं, मग आधी लॉकर उघडायला लावा, टोकनचं नंतर बघा.