वाई की पैठण? एका दिवसाच्या भटकंतीसाठी

दोन्ही गावं नदीकाठची, आणि ‘दक्षिण काशी’ म्हणवून घेण्याची हौसही दोन्हींना. प्रत्यक्ष फिरायला गेलं की मात्र फरक लगेच कळतो. वाईचा इतिहास डोळ्यांसमोर उभा आहे. पैठणचा त्याहून कितीतरी जुना, पण बराचसा जमिनीखाली आणि उरलेला लोकांच्या तोंडी.

वाईला सुरुवात ढोल्या गणपतीपासूनच करा. 1762 साली पेशव्यांचे सरदार असलेल्या रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ. बहुतेक जण भल्यामोठ्या मूर्तीचं दर्शन घेऊन माघारी फिरतात, आणि खरी गंमत तिथेच हुकते. देवळाच्या मागच्या बाजूला जा. ती भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेचा पूर आला की पाणी तिच्यावर फाकून दोन्ही अंगांनी निघून जावं, म्हणून केलेली ही रचना. तिथून पुढे गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह… आळीगणिक घाट वेगळा, आणि कृष्णाबाईचा उत्सवही ज्याचा त्याचा.

मग जवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. शूटिंगमुळे तो गाजलाय, पण मला विचाराल तर वाड्यापेक्षा त्यामागचा घाट सरस. तिथल्या छोट्या देवळीत एक मोठी घंटा टांगली आहे. जवळून पाहा: तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेतली ही लूट. मराठी विश्वकोशाचा पसारा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मांडला तोही वाईतच, पण ते काही ‘बघायचं ठिकाण’ नव्हे.

पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. हे वाचून कुणी राजवाडे शोधत गेलं तर हिरमुसूनच परतेल. इथे आधी गोष्टी ठाऊक हव्यात. नागघाटावर उभं राहिलं तर पायऱ्याच दिसतात; ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा माहीत असेल तरच पाय तिथून निघत नाही. एकनाथांच्या वाड्यातला रांजणही तसाच. श्रीखंड्या होऊन आलेल्या देवाने कावडीने पाणी आणून भरला, तो हा रांजण अशी श्रद्धा. नाथषष्ठीच्या आधी तो भरायला आजही भाविकांची रांग लागते. नाथांची समाधी गोदाकाठी, गावातल्या वाड्यापासून वेगळी. अनेकांची इथे गल्लत होते.

पैठणी घ्यायचा बेत असेल तर एवढंच सांगतो, मागांचा मोठा पसारा आता येवल्यात आहे. त्यापेक्षा हिवाळ्यात जायकवाडीच्या जलाशयावर, म्हणजे नाथसागरावर, पाहुणे पक्षी बघायला वेळ ठेवा. सोबत दुर्बीण हवीच.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर वाई पुण्याहून दोनेक तासांवर, आणि पैठण छत्रपती संभाजीनगरपासून साधारण 50 किलोमीटर. ज्याला जे जवळ, त्याचा निम्मा निर्णय तिथेच झाला.

लहान मुलं बरोबर असतील किंवा जुनी बांधकामं बघण्याची आवड असेल, तर सरळ वाई. घरात हरिपाठ होत असेल, आईवडिलांना न्यायचं असेल, तर पैठण. फक्त फाल्गुन वद्य षष्ठीच्या, म्हणजे नाथषष्ठीच्या, आसपास नको. त्या दिवसांत दिंड्यांनी गाव फुलून जातं. तो सोहळा अनुभवायला जरूर जा, पण निवांत गाव बघणं तेव्हा होत नाही.