शिवसागरावर बोट घ्यायचीय? पेट्रोल, डिझेल की बॅटरी, आधी धुराचं बघा

आमचे दाजी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, बामणोलीला, बोट घ्यायच्या विचारात आहेत, घरात महिनाभर नुसता काथ्याकूट चाललाय आणि सगळी चर्चा अ‍ॅव्हरेजची, इंजिनातनं निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी गॅसचं कुणी नावच काढत नाही.

डिझेल काळा धूर ओकतं, डोळे चुरचुरतात, म्हणून लोक त्याला भितात. पेट्रोलचं आउटबोर्ड मागं टांगलेलं, धूर फारसा दिसत नाही म्हणून बरं वाटतं. पण हा गॅस पेट्रोल इंजिनातनंच कितीतरी जास्त निघतो, ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट धरतो.

उघड्या बोटीत वारा तो उडवून नेतो हे खरं. पण डिसेंबरात भल्या पहाटे वासोटा किल्ल्याला निघालं की सगळे कुडकुडतात, मग नावाडी बिचारा चांगल्या मनानं बाजूच्या ताडपत्र्या खाली सोडतो, मागची बाजू तेवढी उघडी, आणि बोट पुढं पळायला लागली की मागचा धूर उलटा आत ओढला जातो. धक्क्याला इंजिन चालू ठेवून थांबलं, किंवा वारा मागनं असला, तरी तेच. त्यात पोरांना मागच्या फळीवरच बसायचं असतं!

डिझेलमध्ये हा धोका कमी, पण इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं इंजिन असेल तर सायलेन्सरचा पाईप कुठं फुटलाय का ते बघावंच लागतं. बॅटरीला धूरच नाही, छोट्या फेऱ्यांना झकास, पण वासोट्याचं अंतर एका बाजूनंच तासाभराच्या वर, चार्जिंगचं गणित आधी घाला आणि बोटीवर जनरेटर ठेवायचा तर मग बॅटरीचा काय उपयोग.

डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय म्हटलं की आपण म्हणतो बोट लागली. अहो, धरणाच्या संथ पाण्यात एकदम चौघांना बोट कशी लागेल? इंजिन बंद, ताडपत्र्या वर, सगळ्यांना मोकळ्या हवेत घ्या, 108 ला फोन. कोरोनातला ऑक्सिमीटर लावून बघू नका, रक्तात ऑक्सिजन आहे की हा गॅस, त्याला फरक कळत नाही, तो 98 दाखवत बसतो.

माझं मत डिझेलला. दाजी पेट्रोलवरच अडलेत, तर घ्या म्हटलं, पण बोटींसाठीचा कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म माणसं बसतात तिथं लावा, घरातला धुराचा नको, आणि मागची फळी काढूनच टाका.